शुक्रवारची मशीद आणि माझी सही

मशिदीच्या दारात आमची सव्वीस माणसं चपला काढून उभी होती आणि देखरेखीवरचे चाचा हात जोडून सांगत होते, "आज जुम्मा है. दो बजे के बाद आइए." विजापूरची जामा मशीद, शुक्रवार, दुपारचे साडेबारा. नमाजाला येणारी माणसं आमच्यातून वाट काढत आत चालली होती. केतकीचा चेहरा उतरला. तिच्यामागे दोन पावलांवर मी उभा होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

हे होणार, हे मला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं.

मी बदलापूरचा भोईर. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत बावीस वर्षं टूर मॅनेजर आहे. टूर मॅनेजर म्हणजे गाईड नव्हे. गाईड इतिहास सांगतो. आम्ही खोल्यांच्या किल्ल्या वाटतो, बसमधली डोकी मोजतो, कुणाला बिनकांद्याचं जेवण लागतं ते लक्षात ठेवतो. प्रत्येक ग्रुपबरोबर आमची दोन माणसं जातात, एक लीड आणि एक सेकंड. सुरुवातीची दोन वर्षं सोडली तर मी कायम लीड. विजापूरला मात्र कंपनीच्या मालकांनी, आमच्या शेठनी, लीड केलं केतकीला.

केतकी अंबरनाथची, तिशीची, इतिहासात एम. ए. कंपनीत येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. ती मॅनेजर असूनही गाईडसारखी बोलायची आणि लोक जेवण सोडून ऐकायचे. टूर संपताना आम्ही फीडबॅक फॉर्म देतो. माझ्या फॉर्मवर वर्षानुवर्षं एकच ओळ येते, 'व्यवस्था चांगली होती.' तिच्या फॉर्मची मागची बाजूही भरलेली असायची. एका आजींनी तर तिला घरी बोलावून बेसनाचे लाडू दिले. लाडू मला कधी कुणी दिले नाहीत. लहान गोष्ट आहे, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

त्यात इस्तंबूल आलं. आमच्या कंपनीचा परदेशातला पहिला ग्रुप. माझा पासपोर्ट एकदा रिन्यू करून झाला, पण आत शिक्का एकही नाही. मी शेठना सरळ विचारलं.

"विजापूर हो जाने दो, साईं," शेठ म्हणाले. "जिसका फीडबॅक अच्छा, इस्तंबूल उसका. आजकल पब्लिक को जानकारी चाहिए. केतकीला बघ, कसं बोलते."

आता ती सही. आमच्याकडे लीडने आयटिनरी करायची, म्हणजे कुठल्या तासाला कुठे याचा कागद, आणि सेकंडने तो तपासून खाली सही करायची. केतकीने कागद चांगला केला होता. ऊन चढल्यावर म्हाताऱ्या माणसांना मशिदीच्या थंडगार दालनात न्यायचं, म्हणून तिथली वेळ साडेबाराची. पण रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळेना, म्हणून सगळी टूर एक दिवस पुढे ढकलली. तिने तारखा बदलल्या, वेळा तशाच ठेवल्या. गुरुवारची मशीद शुक्रवारी आली. शुक्रवारी दुपारी मोठी नमाज असते, तेव्हा पर्यटकांनी थांबायचं असतं. आमच्या लाइनमधली ही बाराखडी आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, दोनदा वाचली आणि खाली सही केली.

"सगळं ठीक आहे ना, सर?" तिने विचारलं होतं.

"एकदम," मी म्हणालो.

तर दारात ती मागे वळली. मला वाटलं, आता रेल्वेवर ढकलेल, नाहीतर चाचांशी हुज्जत घालेल. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"ही चूक माझी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "टूर पुढे ढकलली तेव्हा मी वार बघायला विसरले. आपण आधी जेवून घेऊ आणि दोनला परत येऊ. पण सोलापूरला गाडी पकडायची असल्याने आत वीसच मिनिटं मिळतील. सॉरी."

मी बायकांची कुरकुर ऐकायला कान टवकारले. "होतं गं असं," एक काकू म्हणाल्या. "निदान कबूल तरी केलंस." दुसरीने तिला पाण्याची बाटली दिली. बावीस वर्षांत मी कधी चूक कबूल केली नव्हती, आणि हिची चूकसुद्धा लोकांना आवडत होती. माझा नुसता जळफळाट झाला.

वाईट वाटलं ते फक्त कुलकर्णीकाकांचं. अंबरनाथच्या फॅक्टरीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, काठी घेऊन चालणारे. वडिलांच्या बदलीमुळे लहानपणी दोन वर्षं ते विजापुरात होते. आतल्या पश्चिमेच्या भिंतीत एक कमान आहे, मिहराब म्हणतात तिला, सोनेरी नक्षीने भरलेली. ती कागदावर उतरवायला ते आले होते. बसमध्ये मला चार वेळा म्हणाले होते, "भोईर, तासभर तरी द्या हं मला तिथे."

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही आत गेलो. चाचांनीच पुढे होऊन काकांसाठी खुर्ची आणून ठेवली. केतकी हळू आवाजात फरशीवरचे नमाजाचे चौकोन दाखवत होती. काकांची पेन्सिल भराभर चालली होती. अडीचला मी त्यांच्या खांद्याला हात लावला. तेवढं काम माझंच होतं.

"अर्धीच झाली," ते म्हणाले आणि वही मिटली. "आता माझं परत येणं काही होत नाही. असो. तुमचा काय दोष?"

मी त्यांची काठी उचलून दिली. दुसरं काय करणार?

सोमवारी शेठनी आम्हा दोघांना समोर बसवलं. केतकीने रिपोर्टमध्ये सगळं स्वतःवर घेतलं होतं. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"ये साइन किसका है? बाईस साल, भोईर. तुला शुक्रवार दिसला नाही, की दिसून बोलला नाहीस?"

दोन उत्तरं होती. एकाने मी गाढव ठरत होतो, दुसऱ्याने हरामखोर.

"नजरेतून सुटलं," मी म्हणालो.

शेठनी मान हलवली. "उमर हो गयी," असं पुटपुटले. इस्तंबूल तिथेच केतकीला गेलं.

जिन्यात ती थांबली. "सर, मी काल तुमच्या जुन्या फाइली काढून बघितल्या. विजापूर, अहमदाबाद, दिल्ली. शुक्रवारी दुपारी मशीद एकदाही नाहीये."

मी मोबाइल काढून उगाच वेळ बघितली.

"शेठना नाही सांगितलं मी," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

नव्याने या लाइनमध्ये येणाऱ्यांना एवढंच सांगतो. दुसऱ्याच्या कागदात चूक दिसली तर सही करण्याआधी बोला. सही झाली की ती चूक तुमची होते, आणि तिची किंमत ग्राहक मोजतो.

इस्तंबूलची आयटिनरी केतकीने तपासायला माझ्याकडेच पाठवली. मी ती तीनदा वाचली, कॅलेंडर शेजारी ठेवून. एकही चूक सापडली नाही. सही केली, आणि सापडली नाही याचंही मला वाईट वाटलं.