गिरीशराव गलांडेंचा ग्रीसचा अभ्यास

लंडनमधल्या ईलिंगच्या गिरीशराव गलांडेंनी आयुष्यात दोनच परीक्षा मनापासून दिल्या. एक बस चालवण्याची आणि दुसरी व्याह्यांची. पहिलीत ते पास झाले होते.

लेक रचना इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर. तिने ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा यानिस निवडला तेव्हा गिरीशरावांनी हूं की चूं केलं नाही. पण यानिसचे वडील लंडनला येणार, रविवारी जेवायला येणार असं ठरलं आणि रचनाने बापाला ताकीद दिली. आतेबहिणीच्या बैठकीत बाबांनी मुलाकडच्यांना कुळापासून आजोबांच्या मूळव्याधीपर्यंत सगळं विचारून घाम फोडला होता, ते ती विसरली नव्हती.

"बाबा, नो इंटरव्ह्यू. एक पण प्रश्न विचारला ना, तर आम्ही दोघं रजिस्टर ऑफिसमध्ये जाऊन साइन करणार. तुम्हाला फोटो पाठवते."

ती बोलते तसं करते. हा गुण बापाकडूनच आलेला, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. एकुलत्या एका मुलीचं लग्न फोनवर बघायची त्यांची तयारी नव्हती. प्रश्न विचारायचे नाहीत, तर निदान आपण बोलत राहावं, म्हणून त्यांनी लायब्ररीतून ग्रीसचा इतिहास आणला.

डेपोतल्या ब्रेकमध्ये त्यांनी तो पाठ केला. अथेन्सची लोकशाही म्हणजे बायका, गुलाम आणि बाहेरचे सोडून सर्वांची, हे इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुका पाहिल्यामुळे त्यांना लगेच समजलं. स्पार्टा त्यांना आवडलं नाही, जेवण वाईट. सिकंदर आपल्याकडे येऊन परत गेला, त्यात त्याचं चुकलं नाही. मग रोमन आले, मग बायझंटाइनांची हजार वर्षं, मग तुर्क, मग १८२१चा उठाव आणि स्वातंत्र्य. तिथे गिरीशरावांनी पुस्तक मिटलं. देश स्वतंत्र झाला की इतिहास संपतो, असं त्यांना शाळेतच शिकवलं होतं. पुढची पानं नागरिकशास्त्राची असणार.

रविवारी व्याही आले. पानायोतिस नाव, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, मिशा भरदार. गिरीशरावांच्या बायकोची, रेखाताईंची, भरली वांगी त्यांनी तीनदा मागून घेतली. दोघा व्याह्यांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान जमल्या. गिरीशराव सिकंदरावर बोलले, बायझंटाइनांवर बोलले. पाहुण्यांना त्यातलं निम्मं नवीन होतं. रचनाचे खांदे सैल झाले. आणि त्या आनंदाच्या भरात, भात वाढता वाढता, गिरीशरावांच्या तोंडून निघून गेलं, "बाकी, तुमचं मूळ गाव कोणतं?"

पानायोतिसनी काटा खाली ठेवला.

"आजीचं गाव स्मिर्नाजवळ होतं," ते म्हणाले. "एकोणीसशे बावीसला तुर्कांशी लढाई झाली, त्यात गाव जळलं. ती बोटीतून आली. आता ते तुर्कस्तानात आहे. मी एकदा जाऊन आलो. तिच्या घरात दुसरे लोक राहतात. चांगले लोक आहेत. कॉफी दिली." डोळे पुसायला त्यांनी नॅपकिन घेतला.

रचना बापाकडे बघत होती. झालं, आता फोटोच येणार.

"आमचं गाव धरणात आहे," गिरीशराव म्हणाले. आता बिघडायचं काही उरलं नव्हतं. "उजनीच्या. मी सात वर्षांचा होतो. ट्रकमध्ये भांडी भरली, म्हैस भरली, निघालो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणतात. मी नाही गेलो बघायला."

पानायोतिसनी टेबलावरून हात पुढे केला आणि व्याह्यांचं मनगट धरून ठेवलं. भात निवत होता.

"बाबा," रचना हळूच म्हणाली, "मला कोणी कधी सांगितलंच नाही. घर कसा होता आपला?"

गिरीशरावांनी सांगायला तोंड उघडलं. ग्रीसचे सगळे राजे ओळीने आठवत होते. घराचं दार नदीकडे होतं की रस्त्याकडे, ते काही केल्या आठवेना.