जादा गेट

पुण्याच्या क्लायंटसमोर आमचा सर्किट बोर्ड चालता चालता तिसऱ्यांदा अडकला. जालन्यातल्या आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसचे मालक, देशमुख साहेब, तिथूनच फोनवर कडाडले, "कुणाचं काम हे?"

"संगीताचं," मी म्हणालो. "नवीन आहे."

संगीता समोरच बसली होती. बदनापूरहून रेल्वेने येणारी माझ्या हाताखालची ट्रेनी, त्याच आठवड्यात कायम होणार होती. तिने कॉम्प्युटरवर कुणी काय बदललं त्याचा लॉग उघडून पाहिला. साहेबांनी तिचं पत्र थांबवलं.

सर्किट होतं बियाण्याच्या गोदामातल्या सेन्सरसाठी. नेहमीच्या चिपमध्ये क्लॉक असतो, त्याच्या ठोक्यावर सगळे एकदम पाऊल टाकतात. आमचं सर्किट असिंक्रोनस, त्यात क्लॉकच नाही. मोंढ्यातले हमाल पोतं देतात तसं, समोरचा 'धरलं' म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. क्लॉक नसल्यामुळे बॅटरी वाचते. आम्हा दोघांनाही हे नवीन. फरक एवढाच, की ती शिकत होती आणि मी वीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा मिरवत होतो.

डिझाइन करताना तिने एक गेट, म्हणजे आलेले सिग्नल पाहून पुढचा सिग्नल देणारा छोटा भाग, जादा ठेवला होता. "हा कशाला? याच्याशिवायही उत्तर तेच येतं," मी म्हणालो.

"राहू द्या न सर. काढला की सिग्नल बदलताना मधीच खोटा झटका येतोय."

"टूलला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

आमचं टूल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, क्लॉकच्या सर्किटांसाठी बनलेलं. जादा दिसेल ते छाटणारं. या गेटला हात लावू नको, अशी ओळ तिने टूलसाठी लिहिली होती. ती मी खोडली. वर मेलमध्ये, जागा वाचवली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बोर्ड अडकला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तरी चार दिवस गप्प बसलो. शेवटी वहीत एकेक सिग्नल हाताने काढून पाहिला. झटका नेमका तिथेच. सर्किटला तो खोटा झटकाच 'धरलं' वाटत होता, हात सुटत होता आणि पोतं खाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना खरं सांगितलं. मग तिला.

"म्हाईत होतं सर. लॉगमधी तुमचं नाव दिसल्तं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगताल म्हणून थांबल्ते."

गेट परत घातला, बोर्ड चालला. तिला पत्रही मिळालं. पुढच्या कामाला मात्र तिने साहेबांकडे दुसरा सीनियर मागितला.

जादा वाटणारी गोष्ट काढण्याआधी ठेवणाऱ्याला विचारावं, असं मी आता नव्या मुलांना शिकवतो. मी विचारलं होतं आणि तिने सांगितलंही होतं, हे मात्र त्यांना सांगत नाही.