लेकीच्या घरचा पहिला घास

चांगुणाबाई लंडनला उतरल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत पंधरा दिवसांच्या पोटाची सोय होती. बाजरीचं पीठ, तव्यावर कडक केलेल्या भाकरी, लसणाची चटणी, हुलग्याचं पीठ, मुगाची डाळ आणि मिठाचीसुद्धा पुडी. लंडनमध्ये मीठ मिळत नाही अशी काही त्यांची समजूत नव्हती. पण तिथं मिळणारं मीठ लेकीच्या घरचं असणार होतं, आणि सगळी अडचण तिथंच होती.

लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हे पथ्य त्यांना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते घरात होतंच, उंबऱ्यासारखं. आता पारनेर तालुक्यात हे कितीजण पाळतात म्हणाल, तर बोटावर मोजण्याइतके. सुप्याच्या कंपन्यांत कामाला जाणारी मंडळी लेकीकडे मटण ओरपून येतात आणि वर डबाही बांधून आणतात. पण चांगुणाबाईंचे मालक सहादेव त्यांतले नव्हते, आणि चांगुणाबाई तर मुळीच नव्हत्या. आपण खाल्लं तर लेकीची कूस उजवायची नाही, असं त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं. स्नेहलच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. इतकी वर्षं जपलेलं जिभेच्या चवीपायी कोण घालवेल? निघताना सहादेवांनी गाडीच्या काचेत डोकं घालून एकच सांगितलं होतं, "पथ्य सांभाळ."

त्यांचे स्वतःचे वडील असेच होते. अकोले तालुक्याच्या डोंगरातून दोन एस.टी. बदलून लेकीला बघायला यायचे आणि अंगणातल्या लिंबाखाली बसून स्वतःच्या फडक्यातली तांदळाची भाकरी सोडायचे. पाणी शेजारच्या घरचं. आत चुलीवर चांगुणाबाईंनी केलेलं पिठलं गार होत राहायचं. पाच वर्षं असंच चाललं. मग स्नेहल झाली, आणि म्हातारा पहिल्यांदा पंगतीला बसला, दोन भाकरी जास्तीच्याच खाऊन उठला. चांगुणाबाई ही गोष्ट अजूनही सांगत, पण सांगताना त्यांना ती शेवटची पंगतच आठवे. त्याआधीची पाच वर्षं चुलीपाशी बसून आपण पदराने काय पुसत होतो, हे त्या सोयीस्कर विसरल्या होत्या. माणूस असंच करतं, त्यात त्यांना एकटीला कशाला बोल लावा?

विमानतळावर जावई, रविराज, गाडी घेऊन आले होते. लेक धावत येऊन गळ्यात पडली. तिच्या पाठीची हाडं चांगुणाबाईंच्या हाताला लागली.

"वाळलीस गं," त्या म्हणाल्या.

"इथं सगळे असेच असतात," स्नेहल म्हणाली, आणि लगेच दिवसाचा बेत सांगायला लागली. "आई, आज काही म्हणजे काही करायचं नाही. बघायचं-बिघायचं सगळं उद्यापासून. आज फक्त झोपायचं नाही. झोपलीस तर रात्री टक्क जागी राहशील. जरा उजेडात फिरायचं, हलकं खायचं, आणि दिवेलागणीनंतर पडायचं. अगदी हळूहळू घ्यायचं."

चांगुणाबाईंना गंमत वाटली. उभ्या जन्मात 'आज काही करू नकोस' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या बाळंतीण होत्या तेव्हासुद्धा नाही.

दोघींना घरी सोडून रविराज कामावर गेले. जाताना दारात ते स्नेहलकडे जरा जास्तच वेळ बघत थांबले. चांगुणाबाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, जीव हाय एकमेकांवर, मग अडलंय कुठं? अंघोळ आटोपून त्या खिडकीशी बसल्या, तर डोळे मिटायला लागले. स्नेहलने त्यांना आपला लोकरी कोट चढवला आणि बाहेर काढलं.

घरामागे एक बाग होती. बाग कसली, आपल्या गावचं अख्खं गायरान त्यात बसलं असतं. झाडांची पानं पिवळी पडून खाली सडा झालेला, आभाळ राखेच्या रंगाचं, आणि एवढी माणसं असून आवाज म्हणून नाही. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. कुठं निघालात, असं विचारणारंही कुणी नव्हतं. दर दहा पावलांवर एक कुत्रं मात्र मालकाला फिरवत होतं. स्नेहलने टपरीवरचा चहा घेतला, तर "नको बाई, मला पित्त व्हतंय," असं म्हणून चांगुणाबाईंनी हात मागे घेतला. पुढे बागेतल्या सरकारी नळाला ओंजळ लावून त्या पोटभर पाणी प्यायल्या. सरकारच्या पाण्याला पथ्य नव्हतं. स्नेहल हातातले दोन्ही चहा घेऊन बघत उभी राहिली. तिला सगळं कळत होतं.

बाकापाशी एक गोरी पोरगी बाबागाडी घेऊन थांबली होती. आतलं पोर गुबगुबीत, टोपी डोळ्यांवर आलेली. चांगुणाबाईंनी वाकून जिभेने टकटक केलं. पोर हसलं, आई हसली. चांगुणाबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि वळून पाहिलं, तर स्नेहल बरीच पुढे निघून गेली होती. त्या धापा टाकत तिच्याजवळ पोचल्या.

"व्हईल गं तुलाबी," त्या म्हणाल्या. "मी कोरठणच्या खंडोबाला नवस बोलले हाय."

"चल घरी," स्नेहल म्हणाली. "थंडी वाढली."

घरी आल्यावर तिने टेबलावर पानं घेतली. मुगाची मऊ खिचडी, कढी, भाजलेला पापड आणि मेथीची परतून केलेली भाजी. मेथीसाठी ती आदल्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली होती. आईसाठी पाट नव्हता, म्हणून खुर्चीवर घडी केलेली गोधडी घातली होती. चांगुणाबाई येऊन बसल्या आणि त्यांनी मांडीवर आपलं फडकं सोडलं. कडक भाकरी मोडल्याचा आवाज त्या गप्प घरात मोठा झाला.

"आई, हे काय?"

"माझं हाय ना संगं. तू जेव. मी बसते की तुज्याजवळ."

"मी पहाटे उठून केलंय गं सगळं."

"दिसतंय की. वासानंच पोट भरलं माझं. पर तुज्या चांगल्यापायीच हाय हे, पोरी. एकदा तुजी कूस उजवू दे, मग हितं रोज दोन वक्ताला जेवीन."

स्नेहलने हात पुढे करून आईच्या मांडीवरचं फडकं उचललं, भाकरीसकट बाजूला ठेवलं, आणि ताट आईपुढे सरकवलं.

"मग जेव," ती म्हणाली. "मला झालं होतं."

"काय झालं हुतं?"

"मूल. मुलगी."

स्नेहल ताटाकडे बघून बोलत होती, जणू पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. "पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात तुला सांगितलं, ते गावभर झालं. आणि गेलं, तेव्हा जो तो मला फोन करून विचारत होता. म्हणून या वेळी ठरवलं, सातवा लागला की सांगायचं. सातवा लागला त्याच आठवड्यात दवाखान्यात जावं लागलं. फेब्रुवारीत. एक रात्र होती ती आमच्याकडे, काचेच्या पेटीत."

फेब्रुवारीत चांगुणाबाई कांद्यात होत्या. लेकीचे फोन तुटक यायला लागले, तेव्हा बांधावर उभं राहून त्याच ओरडल्या होत्या, लंडनला गेलीस अन् आईला इसरलीस. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं. शेक, शेगडी, पोट बांधणं, सगळं आईचं. आणि इथं एवढ्या लांब ही पोर रिकाम्या हाताने घरी आली होती, आणि आईच्या शिव्या ऐकून फोन ठेवत होती. चांगुणाबाईंना स्वतःचा राग आला.

"आज सांगायचं नव्हतं मला," स्नेहल म्हणाली. "आजचा दिवस तुला निवांत द्यायचा होता. दोन-चार दिवसांनी, तुला इथलं सवयीचं झालं की सांगणार होते. पण तू पंधरा दिवस माझ्यासमोर फडकं सोडून बसणार, ते मला बघवणार नाही. पथ्य मूल होईपर्यंतच आहे ना? मला झालं होतं, आई. तू जेवू शकतेस."

चांगुणाबाईंनी विचारलं, "कुनावर गेली हुती?"

"केस लई होते," स्नेहल म्हणाली. "तुझ्यासारखे."

खिचडी गार झाली होती. ती गरम करायला स्नेहल उठली, तर चांगुणाबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. त्यांनी पहिला घास घेतला. तो त्यांनी कढीबरोबर ढकलला. मग दुसरा. नात गेली म्हणून लेकीचं अन्न खायला मिळालं, हा कसला हक्क, असं मनात येत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी ताट बोटाने पुसून घेतलं आणि स्वतःहून म्हणाल्या, "अजून वाढ." स्नेहल वाढता वाढता रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. डावा हात तिच्या डोक्यावरून फिरवत त्या जेवत राहिल्या.

स्नेहल भांडी घेऊन आत गेली तेव्हा मोबाईल वाजला. गावाकडे अंधार पडला होता, सहादेव डेअरीला दूध घालून नुकतेच घरी आले होते. चांगुणाबाईंनी स्नेहलने दाखवलं होतं तसं बटण दाबलं, आणि सहादेवांचा आवाज साऱ्या घरात घुमला.

"पोचलीस न्हवं नीट? जेवलीस का?"

"जेवले."

"भाकरी मऊ पडल्या न्हाईत ना?"

"भाकरी न्हाई खाल्ली," चांगुणाबाई म्हणाल्या. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्या नवऱ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आता कसं बोलायचं ते त्यांना सुचलं नाही. "स्नेहलच्या हातचं जेवले."

पलीकडून गोठ्यातल्या गाईने शिंग खांबावर घासल्याचं तेवढं ऐकू आलं. मग सहादेवांचा आवाज एकदम बदलला, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा.

"अगं, म्हंजी? आपल्या स्नेहलला? कवा? अन् तू हे आता सांगतीस व्हय?" ते हसायला लागले. फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी शेजारच्या भावाला हाक मारली. "भीमा, ए भीमा, हिकडं ये लवकर."

आतल्या नळाचा आवाज बंद झाला. स्नेहल ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"भीमाला हाक मारू नका," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी आदी खाली बसा."

"हे बसलो," सहादेव म्हणाले. "बोल." आणि ते अजून हसतच होते.