फणीच्या मापाचं पान

भैय्यालालचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पवनीच्या त्या आळीत आधी त्याचा माग वाजायचा, मग कोंबडे आरवायचे. खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसला की न्याहारीपर्यंत उठायचा नाही. दुपार कलली की हातपाय धुवायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासला जायचा. वय पंचेचाळीसच्या पुढे. क्लासची पोरं त्याला काका म्हणायची. तो पहिल्या बाकावर बसायचा आणि तास संपेपर्यंत कीबोर्डवरून नजर काढायचा नाही.

या शिक्षणाला कारण होतं. विणकर संस्थेने साड्यांचं पान इंटरनेटवर टाकायचं ठरवलं होतं. अध्यक्ष पुंडलिकराव ते काम नागपूरच्या माणसाला द्यायला निघाले होते. भैय्यालाल सभेत उठला.

"साडी आमी विणतो, तं तिचं पान नागपूरवाल्यानं काहून विणाचं जी? मले द्या. शिकून घेतो."

लोक हसले. पुंडलिकराव म्हणाले, "ठीक हाये. दिवाळीच्या आधी दाखव. नाही जमलं तं नागपूरवाला."

जमलं तर दरमहा मानधन मिळणार होतं, आणि एकट्या मागावर घर भागत नव्हतं. नाही जमलं तर आळीला वर्षभर हसायला विषय मिळणार होता. भैय्यालालने दोन्हीचा विचार करून शिकायला घेतलं.

क्लासमधलं पुस्तक जुनं होतं. शिकवणारी रंजिता स्वतः त्याच पुस्तकावर शिकली होती. त्यात इंटरनेटला 'माहितीचा महामार्ग' म्हटलं होतं, पान करणाऱ्याला 'वेबमास्टर' आणि पानावरच्या प्रत्येक चौकटीला 'लेयर'. चौकट कुठे बसवायची ते आकड्यात सांगायचं. वरून इतकी, डावीकडून इतकी. मधे जागा सुटत नसेल तर एक न दिसणारं चित्र घालायचं आणि पुढची चौकट ढकलायची.

भैय्यालालला हे फार पटलं. माग डगमगला तर तोही पाचर ठोकायचा. शिवाय मागावर फणी, म्हणजे ताण्याचे उभे धागे ओवलेली दातेरी पट्टी, जेवढी रुंद तेवढंच कापड निघतं. ते मधेच अरुंद होत नाही. त्याने क्लासच्या स्क्रीनची रुंदी धरली आणि ताणा लावावा तसं पान त्या मापात बसवलं. दोन्ही कडांना काठाची नक्षी, मधे साड्या, वर पुंडलिकरावांचा फोटो. बोट ठेवायला जागा नव्हती. तळाशी त्याने लिहिलं, 'वेबमास्टर भैय्यालाल'.

सभेच्या दिवशी संस्थेत चहा आला आणि सगळ्यांनी खिशातून फोन काढून पान उघडलं. भैय्यालालकडे तसा फोन नव्हता. त्याचा साधा, बटणांचा. आपलं पान फोनवर कसं दिसतं हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"बाप्पा, अध्यक्षाची अर्धीच मिशी दिसून राहिली," मागून एकजण म्हणाला.

"माह्या फोनवर तं नुसता काठच हाये. साडी कुठी गेली?"

पुंडलिकरावांनी आपला फोन डोळ्यांजवळ धरला. चष्मा लावूनही दिसत नाही म्हणून त्यांनी फोनमधली अक्षरं मोठी करून घेतली होती. ती अक्षरं चौकटीत मावली नाहीत आणि घरंगळून फोटोवर बसली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "हाताने विणलेली. धुतल्यावर रंग जात नाही."

मग म्हणाले, "का रे, हे माह्या तोंडावर लिवलं कायले?"

सभा इतकी हसली की कोणाचा तरी चहा सतरंजीवर सांडला. पुंडलिकरावही हसले, पण पुढचं ते थट्टेत बोलले नाहीत. "पंधरा दिवस देतो. मंग मी फोन लावतो नागपूरले."

दुसऱ्या दिवशी रंजिताने सगळं ऐकून घेतलं. "काका, चूक माझीही आहे. हे पुस्तक मी शाळेत होते तेव्हाचं. लोक तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच पान बघायचे. आता लेयर, वेबमास्टर असं कोणी म्हणत नाही. अशी आकड्यात जागाही धरत नाहीत."

"मंग रुंदी किती धरू?"

"धरायचीच नाही."

बिनरुंदीचं कापड भैय्यालालच्या डोक्यात शिरेना. सकाळी तो मागावर न बसता ओसरीत बसून राहिला. अंगणात निर्मलाबाई, त्याची बायको, रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घालत होती.

"किती लडी मावतीन, मोजलं का?" त्याने विचारलं.

"मोजाचं कायले? बांबू भरला का बाकीच्या खालच्या बांबूवर." तिने पिळून पुढची लडी टाकली. "तुमी आज काम सोडून माह्या लडी काहून मोजून राहिले जी?"

तो उठला आणि क्लास उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला. रंजिता आली तेव्हा म्हणाला, "साड्या बांबूवरच्या लडीवानी घालाच्या. मावतीन तेवढ्या वर, बाकी खाली. असंच नं?"

"असंच," ती म्हणाली, आणि तसं कसं लिहायचं ते तिने दाखवलं.

मग त्याने सगळं उसवलं. ज्याने विणलेलं उसवलंय त्याला ठाऊक आहे, विणण्यापेक्षा त्यात जास्त दम लागतो. आकडे काढले, न दिसणारी चित्रं काढली. तळातला वेबमास्टर आणि अध्यक्षांच्या फोटोवर चढलेलं वाक्यही काढलं. रोज संध्याकाळी तो आळीत फोन मागत फिरायचा. चहावाल्याचा, किराणावाल्याचा, काच तडकलेला, अक्षरं मोठी केलेला. प्रत्येकावर पान उघडायचं, उभं धरायचं, आडवं धरायचं. कुठे काही अडलं की सकाळी क्लासला जाऊन दुरुस्त करायचं. दोन आठवडे माग अर्धाच वेळ चालला.

पुढच्या सभेत पुंडलिकरावांनी फोन उभा धरला, आडवा धरला, मग शेजाऱ्याचा मागून घेतला.

"मिशी पुरी हाये," ते म्हणाले. "काम तुले देलं." मग शेजाऱ्याचा फोन परत देत म्हणाले, "पण ते रंगाचं वाक्य माह्या फोटोवर बरं वाटत होतं. परत घाल."

भैय्यालालने ते वाक्य परत घातलं. आता ते फोटोच्या खाली, आपल्या जागी बसतं.

मागाची मजुरी आणि संस्थेचं मानधन मिळून होळीच्या सुमारास फोनपुरते पैसे जमले. तो भंडाऱ्याला गेला आणि मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन आला. त्याने तो आधी निर्मलाबाईच्या हातात दिला. तिने सुताच्या रंगाने निळं झालेलं बोट पदराला पुसलं आणि ती साड्यांचं पान खाली सरकवत गेली.

"अजून खाली हाये का?"

"हाये."

ती सरकवत राहिली.