टेंभुर्णेबाईंचं नाक

टेंभुर्णेबाई जंतूंना वासावरून ओळखत. चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या आमच्या तपासणी लॅबमध्ये पू, रक्त, थुंकी असा सगळा मेवा यायचा. तो काचेच्या थाळीत रुजवायचा आणि उगवलेला जंतू कोणता ते सांगायचं, हा आमचा धंदा. आम्ही दोन दोन दिवस यंत्राला हात जोडून बसायचो. बाई थाळीचं झाकण तिरकं करत, नाकपुडी हलवत आणि निकाल देत, "हा द्राक्षांचा. हा मेल्या मासोळीचा. अन् हा काहीच नाही, तुझ्या हाताची घाण आहे." शेजारच्या खरड गावी माझ्या फ्लॅटवर भाजी करपली तर बाईंना लॅबमध्ये कळायचं. बाईंचं आणि यंत्राचं जुळलं नाही, की कंपनीचा माणूस येऊन यंत्र दुरुस्त करायचा. मी सांगलीकडचा, आम्ही खोटं बोलत नाही, जरा फुगवून सांगतो एवढंच.

बाई भंडाऱ्याच्या, भातशेतीच्या मुलखातल्या. नवरा हवाई दलात होता, त्याच्या बदलीबरोबर इथे आल्या आणि तो निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. पंजाबी सहकाऱ्यांच्या जिभेला आडनाव पेलेना, तेव्हा त्या 'टंबूरा मॅडम जी' झाल्या. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. जंतूचं नाव चुकलेलं मात्र चालत नसे. "जंतू म्हंजे पाहुना, बापा. कोन आहे ते न पाहता घरात घेतला, त घर खाऊन जाते."

भिंतीवर एक पाटी होती, बाईंच्याच अक्षरातली: 'थाली सूंघना सख़्त मना है.' शिकाऊ मुलींची नवी तुकडी आली की पहिला पाठ तोच. एकदा एक मुलगी थाळीवर वाकली, तर बाईंनी तिची वेणी धरून मागे ओढली. "क्यों री, नाक किराये की है?" मी विचारलं, "आणि तुमचं हो, बाई?" "माझं पुरानं आहे. त्याले सवय आहे." आम्ही सगळे हसलो. दर वेळी हसायचो.

मग भातलावणीच्या दिवसांत खरडपलीकडच्या एका शेतमजुराच्या गळवातला पू आला. थाळी उगवली. बाईंनी ती बंद कपाटात न नेता उघड्या टेबलावरच झाकण उचललं आणि हुंगलं. एरवी एकदाच हुंगत. त्या दिवशी डोळे मिटले आणि पुन्हा हुंगलं, छाती भरून.

"धानाची बांधी आहे रे. रोवन्याच्या वक्ताचा चिखल. माय वो, आमचं वावर!"

पहिला श्वास कामाचा होता. दुसरा माहेरचा.

तीन दिवसांनी मोठ्या लॅबने रोगाचं नाव कळवलं, मेलिऑयडोसिस. त्याचा जंतू भाताच्या चिखलात राहतो. जखमेतून शिरतो, श्वासातूनही शिरतो, आणि मधुमेह असलेल्याला आडवा करतो. बाईंना जुना मधुमेह. मुख्य डॉक्टरांनी आम्हाला ओळीने उभं केलं. "किसी ने प्लेट बाहर खोली? सूंघी? बता दो भाई, तीन हफ्ते की गोलियाँ हैं, बस."

बाईंचा हात खालीच राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

जिन्यात म्हणाल्या, "दोन महिन्यांत रिटायर होऊन राहिली मी. ते पाटी माह्या हातची आहे. कोनाले सांगू नको."

"गोळ्या तरी घ्या गुपचूप."

"घेतो," बाई म्हणाल्या.

माझ्या पोटात बारशाची बातमी बारा मिनिटं टिकत नाही. ही टिकली. बाईंनी गोळ्या घेतल्या, तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं आणि त्यांनी त्या सोडल्या. दुसरं औषध मागायचं तर डॉक्टरला कारण सांगावं लागलं असतं.

आठवडा गेला आणि ताप चढला. रुग्णालयाने टायफॉइड धरून उपचार सुरू केले. मी रोज सफरचंदं घेऊन जायचो, गप्पा मारायचो, त्यांना हसवायचो. चौथ्या दिवशी हसता हसता त्यांना धाप लागली. ती थांबेचना. मी बाहेर येऊन तिथल्या तरुण डॉक्टरला एका दमात सगळं सांगितलं. त्याने पेन आपटलं.

"और चार दिन से आप सेब ला रहे हो?"

औषध त्याच तासाला बदललं. मी आत गेलो. टेंभुर्णेसाहेब पायाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगतलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"उशीर केला रे." मग धाप आवरून, "दोघांनीही."

त्यांचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. ते मीच लावलं, बंद कपाटात, काचेआड, तोंडाला मास्क बांधून. थाळी उगवली. पुढे दोन दिवसांत जंतूंच्या ठिपक्यांना सुरकुत्या पडल्या, त्याच जंतूची ही खूण. मी सांगायला गेलो तेव्हा नाकातोंडावर ऑक्सिजन होता. एकेक शब्द उचलून ठेवावा तशा त्या बोलल्या.

"पोरीइले दाखव. असी थाळी त्याइले पुन्हा नाही दिसनार. कोनाची म्हून विचारलं... त सांग."

शनिवारी बाई गेल्या. सोमवारी मी चारही शिकाऊ मुलींना काचेबाहेर उभं केलं आणि थाळी दाखवली. मग एकीने विचारलं, "सर, पेशंट कौन है?"

मी नाव सांगितलं. मग बाईंनी काय केलं ते सांगितलं, आणि मी काय केलं तेही.