उलट्या पिळाचं दावं

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या फौजदारकीतली एक घटना इतक्या वर्षांनीही माझ्या मनात जशीच्या तशी आहे. नावे मुद्दाम देत नाही. त्या माणसांची नातवंडे आजही वाशीमकडच्या शिरपूरच्या आसपास राहतात.

पेरणीच्या तोंडावर एका शेतकऱ्याची बैलजोडी गोठ्यातून चोरीला गेली. चार दिवसांनी पोलीस पाटलाने खबर आणली की जोडी गुरांच्या एका व्यापाऱ्याच्या आवारामागे बांधलेली आहे. चोराने मालकाची दावी खुंट्यालाच ठेवून बैल स्वतःच्या दाव्यांनी नेले होते. आपल्याकडे बैल विकला तरी दावे विकणाऱ्याच्या घरी राहते. घेणारा आपले आणतो. ‘गुरे विकत घेणाऱ्याचीच ही सवय,’ असा तर्क करून आजोबांनी व्यापाऱ्याला अटक केली. व्यापारी मुसलमान आणि परगावचा, म्हणून गावानेही लगेच मान डोलावली. तो मात्र प्रत्येक जबाबात एवढेच म्हणे, “सायेब, मले कायी मालूम नाई.” आजोबांनी त्याची कोठडी वाढवून घेतली.

बैल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात बांधले होते. लोक बघायला येत. चौथ्या दिवशी जवळच्या वस्तीवरची एक विधवा आली. तिने दावे हातात धरले, बराच वेळ बोटांनी चाचपले आणि सरळ आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

“त्या मानसाले सोडा, सायेब. हे दावं माह्या पोरानं वळलं.”

आजोबांना वाटले, मायलेकांचे भांडण असेल. आमचे घर ठाण्याला लागूनच होते. बाईचा जबाब म्हणून त्यांनी मला बोलावले.

मी विचारले, “मुलाशी काही बिनसलं का?”

“बिनसन कायले? एकुलता एक हाय. सकाऊन त्याले भाकर थापून देऊन आली.”

“मग हे सांगायला का आलात?”

“दुसऱ्याचं लेकरू कोंडलेलं असतानी माह्यं लेकरू पोटाशी कसं धरू, बाई?”

तिने अंबाडीचा वाख मागितला आणि ओट्यावर बसून दावे वळायला लागली. ती डावरी होती. तिचा पीळ सगळ्या गावाच्या उलट पडत होता, आणि बैलांच्या दाव्यांचाही तसाच होता. “मीच शिकवलं त्याले,” ती म्हणाली. आजोबांनी पंचांसमोर तिचे दावे बैलांच्या दाव्यांशेजारी ठेवून पंचनामा केला.

मुलाला आणले. मिशी फुटलेला, धिप्पाड गडी. शोध सुरू झाल्यावर घाबरून त्याने जोडी व्यापाऱ्याच्या आवारामागे बांधून ठेवली होती. आईने वळलेले दावे त्याने बघताच ओळखले.

“माय, तूच सांगतलं?”

“मीच. लोकं तुले चोर म्हनतीन. मी माह्या पोरानं चोरी केली म्हनते. लय फरक हाय, बापा.”

त्याने सगळे कबूल केले. मग ती आजोबांकडे वळली. “याचा निवाडा कोर्ट करीन. त्या मानसाचे चार दिस तुमी खाल्ले, त्याचा कोन करीन?”

हवालदार ओरडला, “ए म्हातारे, कोनाशी बोलून राह्यली?”

आजोबांनी त्याला गप्प केले. बाजाराच्या दिवशी ते वर्दीत व्यापाऱ्याच्या शेजारी उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “हा निर्दोष आहे. चूक माझी.” व्यापारी इतका गोंधळला की म्हणाला, “सायेब, आता चाय त प्या!”

मी इंग्रजी शाळेत न्यायावर निबंध लिहून बक्षीस मिळवले होते. न्याय करणाऱ्याने माया बाजूला ठेवावी, असे त्यात मोठ्या ऐटीत लिहिले होते. या बाईने माया तसूभरही बाजूला ठेवली नाही आणि तरी तिचा निवाडा आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ निघाला. आठवले की आजही मी थक्क होते.

मुलाला सहा महिन्यांची सजा झाली. आजोबांच्या नोकरीत माणसाला दोषी ठरवून आपापल्या घरी जाणारे मी पुष्कळ पाहिले. ती मात्र भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन, तुरुंगाकडे नेणाऱ्या शिपायांसोबत, बेडी घातलेल्या मुलाच्या बाजूने वाशीमच्या स्टेशनपर्यंत चालत गेली.