समोरच्या दाराचं कुलूप

जुना संगणक फार रखडायला लागला, म्हणून विंडोज काढून लिनक्स टाकायचं ठरलं. "आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघू, बाबा. आवडलं तरच कायमचं टाकू," लेक म्हणाली. अनोळखी रंगाचा पडदा उजळला. तिनं सहज जुनी डिस्क उघडली आणि माझे सगळे फोल्डर समोर उभे राहिले.

"पासवर्ड नाही विचारला?" मी दचकलो.

"तो विंडोजचा पहारेकरी, बाबा. त्याला आपण उठवलंच कुठे!" ती हसली.

मला हसू आलं नाही. ज्या कुलपाच्या भरवशावर मी इतकी वर्षं निर्धास्त होतो, ते फक्त समोरच्या दाराला होतं. लपवणारा माणूस एकाच वाटेवर डोळे लावून बसतो. दुसरीकडूनही कुणी येऊ शकतं, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि येणारं बहुधा घरचंच असतं.

बाण एका ऑडिओ फाइलवर थांबला. 'आई, शेवटचं.'

"अय्या, आजीचा आवाज आहे तुमच्याकडे?"

त्या रेकॉर्डिंगमध्ये आई म्हणते आहे, थोरल्याला बोलावून घे. थोरल्या भावाशी, अण्णाशी, माझं भांडण होतं, मी बोलावलं नाही. आईनं शेवटी आपली आठवणही काढली नाही, असंच अण्णा आजवर समजत आलाय.

फाइल अजून उघडली नव्हती, तरी मला आईची धाप ऐकू येऊ लागली. लेकीचं बोट माउसवर होतं.

"थांब," मी म्हणालो. "आधी अण्णाला फोन लाव. हे पहिल्यांदा त्यानं ऐकायला हवं."